घरी तुझं तू सांग

पडदा उघडतो तो बाजूला सरकत. हिरवा, जाड कापडाचा, कड्यांवर घासत करकरणारा. रंगमंचावर तीन लोखंडी खाटा, प्रत्येकीशेजारी सलाइनचा स्टँड, भिंतीवर मोठं गोल घड्याळ, कोपऱ्यात फिनेलची बादली. वेळ कुठल्याही दिवशी दुपारी तीनची. खिडकीतून आलेलं ऊन फरशीवर आडवं पसरलेलं. सरकारी इस्पितळात फुकट मिळणारी प्रकाशयोजना ती एवढीच. दाराबाहेरच्या बाकावर चार तरुण मुलं ओळीने बसली आहेत, माना खाली घालून, आणि चौघांच्याही डाव्या पायात बूट नाही. एकाच्या मोज्यातून अंगठा बाहेर डोकावतोय, तो त्याला उजव्या बुटाखाली लपवू पाहतोय. आतून खणखणीत आवाज येतो, "पळायचं असेल त्याने एका बुटावर पळावं. माझी काही हरकत नाही!" आणि त्या आवाजाच्या मागोमाग प्रवेश करतात वहिनी.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. कॅज्युअल्टीत एकतीस वर्षं नोकरी, त्यातली अठरा वर्षं तिथल्या इनचार्ज सिस्टर. अंगाने किरकोळ, उंची बेताची, पण त्या दोन झुलत्या दारांतून आत आल्या की अख्खी खोली त्यांच्याकडे वळायची. आम्ही नटमंडळी एवढ्यासाठी वर्षानुवर्षं तालमी करतो. त्यांना ते न शिकता येत होतं.

मी त्यांच्या घरी पहिल्यापासून राहिलो. दोन खोल्या. एकीत दादा, वहिनी आणि त्यांचा मुलगा, दुसरीत मी, माझी ट्रंक आणि स्वयंपाकाचा ओटा. मी दौऱ्यावरून आलो की पाठ करत फेऱ्या मारायचो आणि वहिनी भाजी चिरता चिरता दुसऱ्या पात्राची वाक्यं म्हणायच्या. राजाची, सासूची, चोराची, सगळी त्याच एका सुरात, केसपेपर वाचून दाखवावा तशी. मी तक्रार केली की म्हणायच्या, "भावजी, तुमच्याकडे मेलेला माणूस पडदा पडला की उठून चहा पितो. आमच्याकडे तशी सोय नाही. म्हणून मला रडायचं नाटक जमत नाही."

नोकरीच्या पहिल्या वर्षांत त्यांच्याकडे माणसं यायची ती शिडीवरून पडलेली, भाजलेली, दम लागलेली. मग हळूहळू एक नवी गर्दी सुरू झाली. अठरा, वीस, बावीस वर्षांची मुलं, आणि पुढे मुलीही. रोज पिणारे नव्हेत ते. वहिनी म्हणायच्या, रोजचा दारुडा आपली पायरी ओळखून असतो. ही मुलं महिनोन्महिने थेंबाला शिवायची नाहीत, आणि मग एखाद्या दिवशी, परीक्षा संपली म्हणून, नोकरी लागली म्हणून, कोणीतरी नाही म्हणालं म्हणून, दोन-तीन तासांत इतकी प्यायची की शरीराला समजायचंच नाही काय झालं ते. मग मित्र त्यांना उचलून आणायचे, दारात ठेवायचे आणि धूम ठोकायचे.

तो बुटाचा नियम इथून आला. पळून जाणारा मित्र आपल्याबरोबर सगळी माहिती घेऊन जातो. किती प्यायला, काय प्यायला, कधीपासून, उपाशीपोटी का, मध्ये कुठे पडला का, डोकं आपटलं का. हे खाटेवरच्या मुलाला सांगता येत नाही. म्हणून वहिनी आधी हुकूम सोडायच्या, "डावे बूट काढा सगळ्यांनी." ते बूट ड्रेसिंगच्या कपाटात, बँडेजच्या खालच्या फळीवर जायचे आणि किल्ली वहिनींच्या कमरेला. एका पायाने माणूस लांब जात नाही.

दुसरी गोष्ट नावाची. मित्र खरं नाव कधीच सांगायचे नाहीत. जवळच्या कॉलेजातल्या मुलांना ऐन वेळी दुसरं काही सुचत नसे, म्हणून ती आपल्या प्राचार्यांचं नाव ठोकून द्यायची. त्या रजिस्टरप्रमाणे एका वर्षात प्राचार्य एकोणीस वेळा बेशुद्ध होऊन आले होते. वहिनी हूं की चूं न करता ते नाव लिहून घ्यायच्या आणि खाली एक ओळ कोरी सोडायच्या. मुलगा शुद्धीवर आला, तोंड धुतलं, पाणी पोटात टिकलं, की रजिस्टर त्याच्यापुढे यायचं. "सरांना घरी पाठवा आता. त्यांचं नाव खोडा आणि तुमचं लिहा." तो मुकाट पेन उचलून लिहायचा.

आणि तिसरा नियम, सगळ्यात मोठा. घरी इस्पितळ कळवणार नाही. घरी तू सांगशील. आठ दिवसांत.

या नियमाला एक कारण होतं आणि ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. नोकरीच्या सुरुवातीला त्यांनी एका मुलाच्या वडिलांना फोन केला होता. वडील आले आणि सलाइन लावलेल्या पोराच्या कानाखाली त्यांनी जाळ काढला, सगळ्यांदेखत. पुढच्या वर्षी तोच मुलगा पुन्हा तसाच पडला. या खेपेला मित्रांनी त्याला इस्पितळात आणलंच नाही. फोन जाईल म्हणून घाबरले. खोलीतच झोपवला, उताणा, तोंडावर पाणी मारलं, लिंबू पिळलं, कॉफी पाजायला बघितली. आणला तेव्हा फार उशीर झाला होता. वहिनी म्हणाल्या, "भावजी, तो फोन मी केला होता. बोटाने नंबर फिरवला होता मी." त्यानंतर फोन फक्त जिवावर बेतलं तरच. एरवी नाही. अठरा-वीस वर्षांचा माणूस आहे, तोंड आहे त्याला, त्याने स्वतः घरी सांगायचं.

सगळेच सांगायचे असं नाही. पण बरेच सांगायचे. मग दारात येऊन नुसतं डोकं आत घालायचे, "सिस्टर, सांगितलं," आणि पळायचे. वहिनींचा तो दिवस मोठा आनंदात जायचा. घरी येऊन म्हणायच्या, "आज एकाने सांगितलं."

आता टिल्लू. टिल्लू म्हणजे दादा-वहिनींचा एकुलता एक मुलगा. लहानपणी एवढासा होता म्हणून टिल्लू, आणि सहा फूट झाला तरी टिल्लूच. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होता. हुशार, हसरा, जरा बुजरा. मित्रांना कधी घरी आणायचा नाही. दोन खोल्यांचा संकोच वाटत असावा, आणि एका खोलीत काका भुताची भूमिका पाठ करत फिरतोय याचाही. दादा छापखान्यात मुद्रितं तपासायचा. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधल्या, पण आपल्या पोरात त्याला एक अनुस्वारसुद्धा चुकलेला दिसत नसे.

त्या दिवशी मी कॅज्युअल्टीत होतो तो माझ्या अंगठ्यापायी. नेपथ्याच्या फळीतला खिळा घुसला होता आणि वहिनींनी पट्टी बदलायला बोलावलं होतं. खरं तर त्या आठवड्यात त्यांची रात्रपाळी होती. एका सिस्टरच्या मुलाला ताप होता म्हणून त्यांनी तिच्याशी ड्युटी बदलून घेतली होती. घरात कोणाला बोलल्या नव्हत्या. असल्या गोष्टी कोण सांगत बसतं?

दुपारी अडीचच्या सुमाराला झुलती दारं धाडकन उघडली. तीन मुलं, मधे स्ट्रेचरवर चौथा, कुशीवर वळलेला, मान टाकलेला, चेहरा टॉवेलखाली झाकलेला. स्ट्रेचर आखूड पडलं होतं आणि पाय बाहेर आले होते. वहिनी माझ्या अंगठ्याला पट्टी गुंडाळत होत्या. त्यांनी मान वळवून ते पाय बघितले. मीही बघितले. राखाडी मोज्याच्या टाचेला काळ्या दोऱ्याची वीण होती. राखाडी दोरा संपला होता म्हणून वहिनींनी आदल्या रविवारी काळा वापरला होता, माझ्याच समोर.

मी उठायला गेलो. वहिनींनी माझा दुखरा अंगठा असा दाबला की माझ्या तोंडून शब्द फुटेना. "बसा," एवढंच म्हणाल्या, आणि गेल्या.

"डावे बूट," त्यांचा आवाज आला. रोजचाच आवाज. "नाव काय याचं?"

मुलांनी एकमेकांकडे बघितलं. मग एकाने प्राचार्यांचं नाव सांगितलं.

वहिनींनी ते लिहून घेतलं. खाली एक ओळ कोरी सोडली.

"काय प्यायला? कधीपासून?"

"जास्त नाही हो सिस्टर. थोडीशीच. पेपर संपला ना शेवटचा..."

"थोडीशी मी विचारलं नाही. किती?"

दोघांनी तिसऱ्याकडे बघितलं. तो चष्मेवाला होता. त्याने चष्मा काढला, पुसला, आणि रडायलाच लागला. "अकरा. अकरा ग्लास. पैज लागली होती. साडेअकराला सुरू केलं. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं त्याने. नंतर जिन्यात बसला आणि उठेचना. आम्हाला वाटलं झोपलाय."

"उताणा झोपवला होता?"

"नाही, मी... मी कुशीवर वळवला. कोणीतरी सांगितलेलं आठवलं."

"शहाणा आहेस," वहिनी म्हणाल्या. "चष्मा घाल. तुझा बूट सगळ्यात आधी देईन."

तरुण डॉक्टर आले, नुकतेच पास झालेले, मिशी अजून नीट न फुटलेली. बोटातून रक्ताचा थेंब घेतला, साखर खाली गेलेली. सलाइन लागलं, पांघरुणं आली, पाठीशी उशी लावून त्याला कुशीवर ठेवलं. तो मध्येच ओकला, वहिनींच्या बाहीवर. त्यांनी आधी त्याचं तोंड पुसलं, मग घशाकडे बोट घालून बघितलं काही अडकलं नाही ना. मी पडद्याच्या फटीतून बघत होतो. चाळीस वर्षं विंगेतून प्रवेश बघितले, पण असा नाही.

मग श्वास मंदावला. वहिनी त्याच्या छातीवर हात ठेवून घड्याळाकडे बघत मोजत होत्या. मिनिटाला दहा. मग आठ. मग सात. त्या दर वेळी आकडा मोठ्याने सांगायच्या आणि डॉक्टर लिहून घ्यायचे. त्याला हाका मारायच्या, छातीच्या हाडावर मुठीने चोळायच्या, तेव्हा तो जरासा कण्हायचा. डॉक्टरांनी श्वासाच्या नळीचा ट्रे जवळ ओढला.

"सिस्टर, आणखी खाली गेलं तर नळी टाकावी लागेल. घरच्यांना कळवायला हवं. नंबर दिलाय का कोणी?"

"घरच्यांना कळलंय, सर," वहिनी म्हणाल्या.

"कधी?"

"अडीच वाजता." आणि पुन्हा घड्याळाकडे बघून, "सात."

पाऊण तास ते सात होतं. मी देवभोळा माणूस नाही, पण त्या पाऊण तासात मी काय काय कबूल केलं ते लिहीत नाही. पावणेचारला वहिनी म्हणाल्या, "नऊ." मग, "अकरा." डॉक्टरांनी ट्रे मागे ढकलला आणि स्वतःच्या कपाळाचा घाम पुसला. वहिनींनी फक्त बदलायला दुसरी बाही मागितली. त्यांना दुसरा गणवेश म्हणायचं होतं. त्यांच्या तोंडून चुकून "बाही" गेलं, एवढीच काय ती त्या दिवशीची त्यांची चूक.

साडेपाचच्या सुमाराला टिल्लूच्या पापण्या हलू लागल्या. वहिनींनी धाकट्या सिस्टरला बाजूला घेतलं, कानात काही सांगितलं. ती डोळे मोठे करून बघतच राहिली. मग ती खाटेपाशी गेली आणि वहिनी पडद्यामागे, माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. पलीकडून आवाज येत होते.

"कुठे आहे मी?" मग जरा वेळाने, दचकून, "कुठलं इस्पितळ? सिस्टर, इथे... इथे इनचार्ज सिस्टर कोण आहेत आत्ता?"

"आत्ता मी आहे," धाकटी म्हणाली. खोटं नव्हतं ते. वहिनींची ड्युटी पाचला संपली होती. "हे रजिस्टर. सरांचं नाव खोडा, तुमचं लिहा. आणि नियम असा आहे की आम्ही घरी कळवत नाही. घरी तुम्ही सांगायचं. आठ दिवसांत."

"माझ्या घरी नाही सांगता येणार, सिस्टर. तुम्हाला नाही कळायचं."

"सगळे हेच म्हणतात."

मग पेनाची खरखर. वहिनींनी डोळे मिटून ती ऐकली.

घरी चालत जाताना मी चिडलो होतो. म्हणालो, "वहिनी, हा कसला हट्ट? समोर उभं राहायचं, कान धरायचा आणि विषय संपवायचा!"

"समोर उभी राहिले असते तर तो सापडला असता, भावजी. सापडणं वेगळं आणि सांगणं वेगळं. सापडलेलं पोर पुढच्या वेळी जास्त लांब जाऊन पितं. मला तो लांब जायला नकोय."

"आणि नाहीच सांगितलं तर?"

 वहिनी नाक्यावर थांबल्या, चपलेचा पट्टा सारखा केला, बराच वेळ सारखा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "दुसऱ्यांच्या पोरांना आठ दिवस देते. माझ्याला सात कशी देऊ?"

ते आठ दिवस मी आजही विसरलो नाही. टिल्लूला रात्री इस्पितळातून सोडलं. घरी येऊन पोट बिघडलंय म्हणाला आणि पहिला दिवस झोपून राहिला. वहिनींनी मऊ भात केला, मीठ घालून पाणी दिलं, कपाळावर हात ठेवला आणि नर्सबाईला दिसायला हवं ते काहीच न दिसल्यासारखं वागल्या. जेवताना दादाने विषय काढला की शेजारच्यांचा मुलगा म्हणे पिऊन गोंधळ घालतो.

"आपला टिल्लू बघ," दादा म्हणाला, "चहासुद्धा अर्धा कप."

टिल्लूने पानातून मान वर केली नाही. वहिनींनी वाढायचा डाव पातेल्यात ठेवला. "त्याला जेवू द्या हो," म्हणाल्या.

चौथ्या दिवशी त्याने ओट्यापाशी येऊन "आई" अशी हाक मारली. "काय रे?" "काही नाही. पाणी." सहाव्या दिवशी वहिनींनी त्याचा शर्ट इस्त्री करताना कॉलर जाळली. उभ्या आयुष्यात त्यांनी कपडा जाळला नव्हता. रात्री त्या भांडी घासताना मला दबक्या आवाजात म्हणाल्या, "भावजी, मी चुकत असेन का? तेव्हा नंबर फिरवला म्हणून चुकले, आता फिरवला नाही म्हणून तर नाही ना चुकायची?" मी विनोद करायला गेलो, जमला नाही.

पुढचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचकाचा जीव टांगणीला नको. वहिनींनी आपण तिथे होतो हे टिल्लूला सांगितलं ते नवव्या दिवशी सकाळी. दोघं जिन्यात जाऊन बसले होते आणि तासभर आले नाहीत. तो प्रवेश त्या दोघांचा होता, त्यात मला काम नव्हतं. टिल्लू आता पन्नाशीला आलाय, वहिनींना जाऊन सहा वर्षं झाली, आणि त्या दोन खोल्यांच्या जागी आता सायकलींचं दुकान आहे. मला मात्र सांगायचं आहे ते आठव्या दिवसाचं.

आठव्या दिवशी संध्याकाळी त्याच मित्रांपैकी कोणाला तरी नोकरी लागली होती. मेजवानी होती. टिल्लू केस विंचरून, जळकी कॉलर आत दुमडून दारापाशी उभा होता. दादा पेपर वाचत होता, मी प्रयोगाला निघायच्या घाईत ट्रंकेत दाढी शोधत होतो. खोटी दाढी. वहिनी चवळी निवडत होत्या.

"येतो," टिल्लू म्हणाला. आणि गेला नाही. हात कडीवर, पाठ आमच्याकडे. मग तिथेच, दाराकडेच तोंड करून म्हणाला, "आई, पेपर संपला त्या दिवशी माझं पोट बिघडलं नव्हतं. मी प्यायलो होतो. मला इस्पितळात न्यावं लागलं. तुझ्याच."

दादाचा पेपर खाली आला. "काय बोलतोयस तू?"

"अहो, थांबा," वहिनी म्हणाल्या. "त्याचं होऊ दे."

"मित्रांनी नेलं. सलाइन लावलं. मी बेशुद्ध होतो." तो वळला. "चार ग्लास घेतले होते. पैजेवर."

वहिनींना आकडा माहीत होता. त्यांनी स्वतःच्या हाताने तो केसपेपरवर लिहिला होता. मी त्यांच्याकडे बघितलं. त्या नुसत्या बघत होत्या त्याच्याकडे, चवळीत हात तसाच ठेवून. मान होकारार्थी नाही, नकारार्थी नाही. आम्हाला रंगमंचावर ऐकण्याचा अभिनय शिकवतात. त्या अभिनय करत नव्हत्या, त्या खरंच वाट बघत होत्या.

 दादाने पेपरची घडी करून बाजूला ठेवली.

टिल्लूने कडीवरचा हात काढला. "चार नाही, आई," तो म्हणाला. आवाज लहानपणीचा झाला होता. "अकरा. ते म्हणाले श्वास थांबत आला होता माझा. मला काही आठवत नाही. नुसतं एवढं आठवतं की कोणीतरी माझ्या छातीवर हात ठेवून आकडे म्हणत होतं. मला आज तिकडे जायचं नाहीये, पण नाही कसं म्हणू ते कळत नाहीये."

दादाचे डोळे भरून आले होते आणि तो ते रागाने पुसत होता. मला प्रयोगाला उशीर झाला होता, खाली गाडीचा भोंगा वाजत होता. मी दाढी खिशात कोंबली आणि भिंतीच्या कडेकडेने निघालो. टिल्लू वहिनींसमोर जमिनीवर बसला, गुडघे पोटाशी घेऊन, सहा फुटी टिल्लू.

"तू रागावली नाहीस?" त्याने विचारलं.

मी दार ओढून घेत होतो, तेव्हा कानावर पडलं ते त्यांचं त्या संध्याकाळचं शेवटचं बोलणं.

"रागावलेय ना. खूप रागावलेय. पण ते उद्या. आज तू बोल."